आकडा आला का?

सिनेमातला ब्लड कॅन्सरचा पेशंट आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो खोकतो, रुमालावर लाल डाग पडतो, डॉक्टर चष्मा काढून खिडकीबाहेर बघतात, आणि इंटरव्हलनंतर एखादं गाणं म्हणून तो गडी जातो. माझ्या गुरुवारच्या ओपीडीत येऊन बसलात तर तुमची घोर निराशा होईल. तिथले ब्लड कॅन्सरचे पेशंट सोयाबीनच्या भावावरून भांडत असतात, लेकीच्या लग्नाच्या पत्रिका वाटत असतात. माझ्याकडे तक्रारी येतात त्या पोटऱ्यांत गोळे येण्याच्या, नाहीतर सकाळी डोळे सुजण्याच्या. दिवाळी अंकासाठी हॉस्पिटलातलं काहीतरी हृदयद्रावक लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी जरा पेचातच पडले.

मी जालन्यातली फिजिशियन. रक्ताच्या आजारांचं जास्तीचं शिक्षण मुंबईत घेतलं आणि गावी परत आले. रोजची प्रॅक्टिस आता बंद केलीय, पण गुरुवार सोडलेला नाही. गुरुवार सीएमएलच्या पेशंटांचा.

सीएमएल हा रक्ताच्या कॅन्सरमधलाच एक, पण सावकाश चालणारा. आपल्या हाडांच्या आत, मज्जेत, रक्त तयार होत असतं. तिथल्या एखाद्या पेशीत दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि जाग्यावर बसताना अदलाबदल होते. या चुकीच्या जोडातून एक नवंच प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला सारखं सांगत राहतं, वाढ, वाढ. पांढऱ्या पेशी बेसुमार होतात, पोटात डाव्या बाजूची पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगते. हे का होतं ते बहुतेकांच्या बाबतीत सांगता येत नाही. आईबापाकडून येत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, आणि मागच्या जन्मीच्या पापाशीही त्याचा संबंध नाही. हे शेवटचं वाक्य मला दर गुरुवारी एकदा तरी म्हणावं लागतं.

मी शिकत होते तेव्हा आम्ही गोळ्या देऊन पेशींची संख्या खाली आणायचो, पण आजार आपल्या चालीने पुढे जायचाच. काही वर्षांनी तो एकदम उसळायचा आणि मग हाती काही राहायचं नाही. नंतर एक नवी गोळी आली. ती अंगातल्या सगळ्याच पेशींना झोडपत नाही. त्या चुकीच्या प्रथिनाच्या नेमक्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचं तोंड बंद करते. केस जात नाहीत, खाटेवर पडावं लागत नाही. पेशंट शेतात जातो, दुकानात बसतो, भांडतो, म्हातारा होतो. फक्त रोज घ्यायची. जेवणावर, भरपूर पाण्याबरोबर. आजार मुळासकट उपटला जात नाही, दबून राहतो. म्हणून आजार किती दबलाय ते आम्ही ठरावीक काळाने मोजतो. रक्त मोठ्या शहरातल्या लॅबला जातं आणि हजारो पेशींत एखादी रोगट पेशी उरली असली तरी ती तपासणी तिला पकडते. तिचं नाव पीसीआर. कोरोनानंतर हे नाव सगळ्यांना पाठ झालं आणि माझे पेशंट आपोआप नाक वर करून बसायला लागले. मग आम्ही नुसतं 'आकडा' म्हणायला लागलो. आकडा खाली, तर सगळं बराबर. आकडा वर, तर डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या.

या शब्दाने मंठ्याकडच्या एका गुरुजींची मात्र पंचाईत केली. गुरुजींनी आजार बायकोखेरीज कुणालाच सांगितला नव्हता. या गोळीने काही जणांचा रंग उजळतो. गुरुजी मूळचे चांगले सावळे, वर्षभरात गव्हाळ झाले. शाळेतल्या बाईंनी विचारलं, सर, काय लावता? गुरुजींना खरं सांगायचं नव्हतं, म्हणून त्यांनी तोंडाला आलं त्या साध्या क्रीमचं नाव ठोकून दिलं. पुढे मंठ्याच्या बाजारात त्या क्रीमचा इतका खप झाला, की दुकानदाराने गुरुजींना बोलावून चहा पाजला.

इथवर ठीक होतं. पण एक दिवस आमच्या नंदा सिस्टरने रिपोर्ट आल्याचं सांगायला शाळेत फोन केला. तो उचलला हेडमास्तरांनी. नंदा सिस्टर वर्षानुवर्षं माझ्याबरोबर आहे. पेशंटचा आजार परक्याला सांगायचा नाही हे तिच्या अंगात मुरलेलं. ती एवढंच म्हणाली, गुरुजींना सांगा, आकडा आलाय, चांगला आलाय. मंठ्यात आकडा म्हणजे काय ते लहान पोरालाही ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत गुरुजी मटका खेळतात ही बातमी गावभर झाली, आणि लागलाय म्हणून दोघा-तिघांनी पार्टीही मागितली. पुढच्या गुरुवारी नंदा रडकुंडीला येऊन माफी मागत होती. गुरुजी शांतपणे म्हणाले, "राहू द्या सिस्टर. जुगारी म्हणतेत ते परवडलं. बिचारा तरी म्हणत न्हाईत."

त्यांनी ती पार्टीही दिली, असं पुढे कळलं.

सगळेच असे हसत आले आणि हसत गेले असं म्हणता येणार नाही. भोकरदनकडचा एक क्लॅरिनेटवाला होता. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. आजाराने त्याचा दम गेला होता. गोळी सुरू झाल्यावर दम परत आला आणि त्याने माझ्या ओपीडीत, बाकीच्या पेशंटांसमोर, वाजवून दाखवलं. पुढे लग्नसराई आली. आपण आता बरे झालो, मग बऱ्या माणसाने रोज औषध कशाला खायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. गोळी बंद केली, बँडबरोबर दूर निघून गेला, फोनचा नंबर बदलला. परत आला तेव्हा पानथरी बेंबीपर्यंत आल्ती आणि आजाराने आपलं रूप बदललं होतं. त्यावरची पुढची औषधं दिली. ती काही महिने चालली, मग चालेनाशी झाली आणि तो गेला.

त्याच्यानंतर नंदा सिस्टरचा शुक्रवार ठरून गेला. गुरुवारी जो आला नाही, त्याला शुक्रवारी फोन. नाही लागला तर भावाला, मेहुण्याला, गावच्या किराणा दुकानाला. आणि माझं एक वाक्य ठरलं, "बरं वाटलं तरी गोळी सोडायची न्हाई." मी ते इतक्यांदा म्हटलंय, की बाहेरच्या बाकावर पेशंट माझी नक्कल करतात. मला दारातून ऐकू येतं.

हे वाक्य ज्या मुलीपुढे अडलं, तिची ही गोष्ट आहे.

प्रज्ञा बदनापूरची. कॉलेजला रोज रेल्वेने जालन्याला यायची. डाव्या कुशीत जड वाटतं म्हणून कुणी जंताचं औषध दिलं, कुणी पित्ताचं. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पांढऱ्या पेशी मोजताना लॅबवाल्याने यंत्र बिघडलं समजून पुन्हा मोजल्या. वडील समोर बसून हुंदके देत होते. प्रज्ञाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, देता येईल ना? दिली. पुढे टपाल खात्यात लागली, भोकरदन तालुक्यातल्या खेड्यांतून स्कूटीवर टपाल वाटायला लागली. गोळी कधी चुकवली नाही. तिचा आकडा इतका खाली गेला, की लॅबलाही काही सापडेना.

मग एका गुरुवारी एक तरुण टोकन घेऊन रांगेत बसला. नंबर आल्यावर आत आला आणि उभाच राहिला. नाव विनोद, गाव हसनाबाद, जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत प्लॉटवर सुपरवायझर. "मॅडम, मी पेशंट न्हाई," तो म्हणाला. "मी प्रज्ञाला बघून आलोय. तिनं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं."

पेशंटविषयी मी दुसऱ्याला काही सांगू शकत नाही, हे मी त्याला सांगितलं आणि त्याच्यासमोरच प्रज्ञाला फोन लावला. ती म्हणाली, सांगा मॅडम, माझ्याकडून काही सुटलं असेल तर तेही सांगा. मी खुर्चीत सावरून बसले. आता हा विचारणार, किती वर्षं जगेल. हा प्रश्न मला पाठ आहे आणि उत्तरही. विनोदने विचारलं, गोळी जेवणावर घ्यावी लागते म्हणते, पण आमच्या घरी सकाळचं जेवण उशिरा होतं, मग ती लवकर करून घेऊ का, का रात्रीची घेतली तरी चालेल? मी म्हटलं, रोज त्याच वेळेला घेतली म्हणजे झालं. बराबर, म्हणाला आणि उठला. लग्न झालं. मी गेल्ते. विहारात साधंच झालं, पण जेवण फार चांगलं होतं.

दोनेक वर्षांनी दोघं एकत्र आले. प्रज्ञाला मूल हवं होतं.

पोटातल्या बाळाला ही गोळी बाधते. म्हणजे मूल हवं तर ती आधी बंद करायची. आणि बंद केली तर आजार दबलेला राहीलच, असं कुणी सांगू शकत नाही. काहींचा राहतो, काहींचा उसळी घेतो. बहुतेकांचा गोळी परत सुरू केली की परत दबतो. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी माझ्या तोंडून पहिलं वाक्य तेच गेलं, गोळी सोडायची न्हाई. प्रज्ञाने फाईल उचलली. विचार करा मॅडम, एवढंच म्हणून गेली.

पुढच्या गुरुवारी हसनाबादहून एक बाई एकट्याच आल्या. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी, चेहरा कडक.

"जय भीम बाई. मी प्रज्ञाची सासू, शांताबाई. मी आल्ते म्हणून तिला सांगू नका."

मी बसा म्हटलं. सासू आली म्हणजे नातवासाठी आली असणार, असं मी धरून चालले होते.

"ती गोळी बंद करायचं म्हणून राह्यली," शांताबाई म्हणाल्या. "तुम्ही करू देऊ नका. पोरीला लेकरू पायजे. मला सून पायजे."

मी काही सांगू शकत नाही, पण तुम्ही म्हणालात ते ऐकलं, एवढं म्हटलं. पिशवीतून त्यांनी हुरड्याचं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं आणि बस चुकेल म्हणून निघाल्या.

प्रज्ञा परत आली तेव्हा मी तिला क्लॅरिनेटवाल्याची गोष्ट सांगितली. नाव न घेता, पण सगळी. तिने शेवटपर्यंत ऐकली.

"मॅडम, गोळीनं मला जगवलं, बिलकुल खरं हाये," ती म्हणाली. "पण जगून काय करायचं ते तर मी ठरवायचं ना?"

त्या दिवशी घरी गेल्यावर मी मुंबईच्या माझ्या सरांना फोन लावला. त्यांचं आता वय झालंय, पण रक्त म्हटलं की आवाज तरुण होतो. त्यांनी तिचे सगळे जुने आकडे विचारले आणि म्हणाले, तुझा तो पेशंट डोळे मिटून गेला होता, ही डोळे उघडे ठेवून जातेय, फरक आहे. दर महिन्याला मोज, एक रेघ ठरव, आकडा रेघेवर गेला की गोळी सुरू. त्यात मग दया-माया नको.

तसं प्रज्ञा, विनोद आणि मी, तिघांनी मिळून ठरवलं. विनोदला समजावताना मला फार बोलावं लागलं नाही. बियाण्याच्या प्लॉटवर तो रोज तेच करायचा. हजारो झाडांत भेसळीचं एखादंच झाड असतं, पण फुलावर यायच्या आधी ते नाही उपटलं तर अख्खा प्लॉट बाद. म्हणजे आपण सारखी चक्कर मारायची, म्हणाला. मी म्हटलं, हो, तेच.

गोळी बंद झाली. पहिला आकडा चांगला आला, दुसरा चांगला, त्यानंतरचेही. ज्या दिवशी रिपोर्ट यायचा असे, त्या दिवशी मला सकाळचा चहा जात नसे. नंदा सिस्टर पूजा वगैरे न करणारी, पण तिने लॅबच्या कुरियरवाल्याला राखी बांधली. असे काही महिने गेले, दिवस काही राहिले नाहीत, आणि एका महिन्यात आकडा सरळ रेघेच्या वर गेला.

ते मी फोनवर सांगितलं नाही, बोलावून घेतलं. प्रज्ञा आत आली आणि माझ्याकडे बघूनच तिला कळलं. पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून तिने टेबलावर ठेवली. आजपासून ना, म्हणाली. ती बाहेर गेल्यावर विनोद मागे थांबला. आता परत नको मॅडम, तो म्हणाला, मला ती तेवढी बास आहे. मीही हो म्हटलं. आमच्या दोघांच्या मते तो विषय तिथे संपला होता.

गोळीने आपलं काम केलं. आकडा हळूहळू उतरला आणि पुन्हा दिसेनासा झाला. शांताबाई निवांत झाल्या. विनोदने विषय काढला नाही, मीही नाही. प्रज्ञा दर भेटीला येत राहिली, खेड्यातल्या गमती सांगत राहिली. पुढे बराच काळ आकडा खाली राहिल्यावर एका गुरुवारी तिने पुन्हा पट्टी टेबलावर ठेवली. "एकदा अजून, मॅडम. या टायमाला न्हाई झालं तर परत इचारणार न्हाई."

त्या वेळी शांताबाईही बरोबर आल्त्या. उघडपणे. सुनेकडे न बघता त्या मला म्हणाल्या, ती तर ऐकत न्हाई, मंग तुम्ही तरी नीट ध्यान द्या.

या वेळी दिवस जल्दी राहिले. सातव्या महिन्यापर्यंत आकडा जाग्यावर होता, मग हलायला लागला. गोळी तर देता येत नाही. अशा वेळी बाळाला चालेल असं एक इंजेक्शन असतं. आठवड्यातून एकदा द्यायचं, पण दिल्यावर ताप आल्यासारखं अंग मोडून येतं. बाळंतपणाच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही ते सुरू केलं. इंजेक्शनच्या दिवशी शांताबाई तिला गोधडीत गुंडाळून पाय चेपत बसायच्या आणि तिला ऐकू जाईल असं बडबडायच्या, सांगितल्तं मी, कुणी ऐकलं का. आकडा वाढायचा थांबला. उतरला नाही, पण थांबला.

मुलगी झाली. चांगली दणदणीत, रडणारी. मी वॉर्डात बघायला गेले तर विनोद कॉरिडॉरमध्ये उभा राहून प्लॉटवरच्या मजुरांना फोनवर बातमी सांगत होता.

अवघड भाग अजून बाकी होता. गोळी सुरू केली की अंगावर पाजता येत नाही. किती दिवस थांबायचं? मी एक महिना म्हटलं. प्रज्ञाने तो महिना रजेवर घरात राहून, दुसरं काहीही न करता, लेकीला पाजण्यात घालवला. महिना भरला तेव्हा आकडा रेघेला टेकला होता. ती जरा अजून थांबू का विचारेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं नाही. शांताबाईंनी तिच्या मांडीवरून पोर उचललं, पदराखाली घेतलं आणि वाटी-चमच्याचं सगळं आपल्याकडे घेतलं. लेकरू ओरडायला लागलं की त्या मळ्याकडे निघून जायच्या, आईच्या कानावर पडू नये म्हणून. हे मला विनोदने सांगितलं. प्रज्ञा या दिवसांविषयी कधी बोलली नाही, आणि मी विचारलं नाही.

पुढच्या तपासणीत आकडा उतरला. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. वर्ष पुरं व्हायच्या आत पुन्हा लॅबला काही सापडेना झालं. तो रिपोर्ट आला तेव्हा नंदा सिस्टरने फोन लावला आणि तो सरळ माझ्या हातात दिला. पलीकडे शांताबाई होत्या. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही जेवलात का, बाई?

मुलीचं नाव संघमित्रा. घरात मित्रा म्हणतात. आता ती अंगणवाडीत जाते आणि गुरुवारी सुट्टी असली की आजी तिला माझ्याकडे घेऊन येते. विनोदही बरोबर असला, तर मित्रा माझा स्टेथोस्कोप त्याच्या गुडघ्याला लावते.

गेल्या महिन्यातला गुरुवार. प्रज्ञाचा रिपोर्ट चांगला होता, बोलण्यासारखं काही नव्हतं. ती उठणार तेवढ्यात शांताबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मला त्यांचा तो कडक चेहरा परत दिसला.

"बाई, ही पोरगी एकटीच हाये. तिला करमत न्हाई. आता आकडा बी बराबर हाये म्हणतेत. मंग दुसऱ्याचं..."

माझं भाषण तयार होतं, सरांचं, रेघेचं, इंजेक्शनचं, सगळं.

"आई, बास," प्रज्ञा म्हणाली. "मी ही गोळी आता सोडत न्हाई."

तिने डबा उघडला. जेवणाची वेळ झाल्तीच. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून भाकरी आणि मेथी खाल्ली, पट्टीतून गोळी काढली, आणि मोठा पेला भरून पाणी प्याली. शांताबाई माझ्याकडे बघत होत्या, मी बाजू घेईन म्हणून. मी कपाटातली फाईल शोधत राहिले. शेवटी त्यांनी नातीला उचलून कडेवर घेतलं.

"चल गं," त्या तिला म्हणाल्या. "तुझ्या मायला टपाल वाटायचंय."